गाभा भरतो तेव्हा : चुंबकीय संपृक्तता आणि कॉइलचा इंडक्टन्स

कॉइलवर किंवा तिच्या माहितीपत्रकात छापलेला इंडक्टन्सचा आकडा हा तिच्यातून नाममात्र प्रवाह वाहत असतानाचा असतो. लोखंड किंवा फेराइटचा गाभा असलेल्या कॉइलमधला प्रवाह वाढवत नेला, तर हा आकडा काही काळ टिकतो, मग घसरू लागतो आणि पुढे इतका कोसळतो की शंभर मायक्रोहेन्री म्हणून विकत घेतलेली कॉइल पाच-दहा मायक्रोहेन्रीसारखी वागू लागते. तार तीच असते, वेढे तेवढेच असतात, गाभाही जागेवर असतो. बदललेली असते ती गाभ्याची चुंबकीय अवस्था : तो संपृक्त झालेला असतो. प्रवाह कमी केला की इंडक्टन्स पूर्ववत होतो. त्यामुळे बिघाड शोधण्यासाठी मीटर लावणाऱ्याला कॉइल बहुधा निर्दोषच सापडते.

कॉइलच्या वेढ्यांत एका अँपिअरमागे किती चुंबकीय फ्लक्स गुंततो, ते इंडक्टन्स सांगतो. पोकळ नळीवर गुंडाळलेल्या, आत फक्त हवा असलेल्या कॉइलमध्ये हे प्रमाण स्थिर असते; प्रवाह दुप्पट केला की फ्लक्सही दुप्पट होतो. मात्र हवेत फ्लक्स उभा करणे महागात पडते. त्यासाठी वेढे फार लागतात, तांबे फार लागते. मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली लोखंडाच्या कड्यावर दोन कॉइली गुंडाळून विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले, तेव्हा ते लोखंड शोभेसाठी नव्हते. त्याच तारेतून, तेवढ्याच प्रवाहातून लोखंड कितीतरी अधिक फ्लक्स उभा करते. बंद गाभ्यावरच्या कॉइलचा इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या, गाभ्याच्या काटछेदाच्या आणि त्याच्या पार्यतेच्या (फ्लक्सला वाट देण्याच्या क्षमतेच्या) प्रमाणात वाढतो, तर फ्लक्सच्या मार्गाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो. यांतले वेढे, काटछेद आणि लांबी ही मापे कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरलेली असतात. पार्यता तशी नसते. ती गाभ्यात त्या क्षणी किती फ्लक्स आहे त्यावर अवलंबून असते, आणि संपृक्ततेचा सगळा प्रश्न या एका पदात साठलेला आहे.

लोखंडाची ही मदत कोठून येते? लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. शेजारचे अणू एकमेकांना एका दिशेत धरून ठेवतात आणि त्यांचे लहान लहान प्रदेश, म्हणजे डोमेन, तयार होतात. एका प्रदेशातले सगळे अणू एका दिशेला, शेजारच्या प्रदेशातले दुसऱ्या. त्यामुळे चुंबकित न केलेल्या तुकड्यात त्यांची बेरीज शून्य होते. ही कल्पना पिएर वाइस यांनी १९०७ साली मांडली. कॉइलमधून प्रवाह सोडला की अनुकूल दिशेचे प्रदेश शेजाऱ्यांच्या हद्दीत सरकून वाढतात. या सीमा अगदी थोड्या बळाने सरकतात, म्हणूनच पार्यता हजारोंच्या घरात जाते. प्रवाह आणखी वाढवला की उरलेल्या प्रदेशांची दिशाच वळू लागते. याला बरेच जास्त बळ लागते आणि फायदा थोडा मिळतो. सरतेशेवटी सगळे अणू एका दिशेला लागलेले असतात. त्यानंतर देण्यासारखे लोखंडाजवळ काही उरत नाही.

ही मर्यादा कारागिरीची नाही, अणूंची आहे. एका घनमीटर लोखंडात सुमारे ८.५ गुणिले १० चा २८ वा घात इतके अणू असतात आणि प्रत्येकाचे चुंबकीय योगदान २.२ बोर मॅग्नेटॉन एवढे ठरलेले असते. त्यांचा गुणाकार केला की शुद्ध लोखंडाची संपृक्तता २.१५ टेस्लाच्या आसपास निघते, आणि मोजमापातही तीच मिळते. लोखंड कितीही शुद्ध केले, कितीही भट्ट्यांतून काढले, तरी हा आकडा वर सरकत नाही. उष्णतेच्या संस्कारांनी बदलते ती तिथवर पोचण्याची वाट. कोबाल्ट मिसळलेले लोखंड २.४ टेस्लाच्या जवळ जाते, आणि नेहमीच्या वापरातल्या पदार्थांची झेप तिथेच थांबते.

संपृक्ततेनंतर फ्लक्स वाढायचा पूर्ण थांबतो, हा समज मात्र चुकीचा आहे. लोखंडाचा वाटा थांबतो. हवेचा वाटा पूर्वीसारखाच वाढत राहतो. म्हणजे त्या कॉइलपुरता गाभा जणू काढून घेतलेला असतो. इंडक्टन्स शून्य होत नाही, पण गाभ्याशिवाय तीच कॉइल जेवढा देईल त्याच्याकडे तो घसरत जातो.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने उमगली. मँचेस्टरजवळच्या मद्यनिर्मात्या घराण्यातले जेम्स जूल १८४० च्या सुमारास विद्युतचुंबकांची उचलण्याची ताकद मोजत होते. प्रवाह वाढवत नेला तरी एका टप्प्यापुढे ओढ तितक्या वेगाने वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पार्यता आणि फ्लक्स यांचा पहिला पद्धतशीर आलेख मात्र हेन्री रोलंड यांचा. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी शिकवणाऱ्या या चोविशीतल्या तरुणाने लोखंड, पोलाद आणि निकेलची कडी घेऊन मोजमापे केली. अमेरिकेतल्या नियतकालिकाने त्याचा निबंध नाकारला. मग तो निबंध जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे गेला आणि त्यांच्या खटपटीने १८७३ साली लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापला गेला. पार्यता आधी वाढते, एका शिखराला जाते आणि मग सतत उतरते, हे त्यातून स्पष्ट झाले. जेम्स इविंग यांनी पुढे तोक्योत शिकवत असताना दाखवले की चुंबकन जाताना एका वाटेने जाते आणि येताना दुसऱ्या. हिस्टेरिसिस हे नाव त्यांचेच. विजेच्या यंत्रांचे शास्त्रशुद्ध आराखडे या दोघांच्या आलेखांवर उभे राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे. गाभा असलेल्या कॉइलच्या बाबतीत ‘हिचा इंडक्टन्स किती’ या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे असतात. गुंतलेल्या एकूण फ्लक्सला एकूण प्रवाहाने भागले की एक उत्तर मिळते. प्रवाहात थोडीशी वाढ केली असता फ्लक्स किती वाढतो हे पाहिले की दुसरे. गाभा मोकळा असताना दोन्ही सारखीच असतात. संपृक्ततेत त्यांची फारकत होते, आणि मंडलाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते दुसरे, कारण कॉइलवर विद्युतदाब लावला असता प्रवाह किती झपाट्याने चढेल हे तेच ठरवते.

एक हिशेब पाहू. फेराइटच्या बंद गाभ्याचा काटछेद १०० चौरस मिलिमीटर, फ्लक्सच्या मार्गाची लांबी १०० मिलिमीटर, सापेक्ष पार्यता २००० आणि वेढे २० धरू. कमी प्रवाहाला या कॉइलचा इंडक्टन्स १ मिलिहेन्री येतो. फेराइट ०.३ टेस्लापर्यंत निर्धोक वापरता येते असे मानले, तर तिला पेलवणारा प्रवाह अवघा ०.६ अँपिअर निघतो. तिच्यातून ५ अँपिअर सोडले तर गरम फेराइट ०.४ टेस्लाच्या आसपास अडून बसते. पहिल्या व्याख्येने अजूनही १६० मायक्रोहेन्री दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या व्याख्येने उरलेले असतात जेमतेम काही मायक्रोहेन्री. ही तफावत ज्याने पाहिली नाही तो सुटे भाग जळण्याचे कारण दुसरीकडेच शोधत बसतो.

याच गाभ्याच्या मार्गात १ मिलिमीटरची फट ठेवली, तर काय होते? हवेचा तो एक मिलिमीटर फ्लक्सला उरलेल्या सबंध फेराइटच्या वीसपट अडवतो. इंडक्टन्स १ मिलिहेन्रीवरून ४८ मायक्रोहेन्रीवर येतो, म्हणजे एकविसाव्या हिश्शावर. (फटीच्या कडांनी बलरेषा बाहेर फुगतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा जास्त येतो.) वरवर पाहता हा शुद्ध तोटा आहे. पण फेराइट ०.३ टेस्लाला पोचायला आता ०.६ नव्हे, साडेबारा अँपिअर लागतात. साठणारी ऊर्जा इंडक्टन्सच्या एका घाताने आणि प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तेव्हा इंडक्टन्स एकवीसपट घटला आणि प्रवाह एकवीसपट वाढला, याचा अर्थ ऊर्जा एकवीसपट वाढली : ०.१८ मिलिजूलवरून पावणेचार मिलिजूलवर.

त्या पावणेचारपैकी सुमारे ३.६ मिलिजूल त्या एका मिलिमीटर हवेत असतात. जड, महाग, काळजीने भाजलेल्या फेराइटच्या वाट्याला पाच टक्केच येतात. चोक, म्हणजे प्रवाह आवरण्यासाठी मंडलात बसवलेली अशी कॉइल, हे ऊर्जा साठवण्याचे साधन आहे आणि ती ऊर्जा तो बहुतांशी फटीत साठवतो. गाभ्याचे काम फ्लक्स त्या फटीपर्यंत आणून सोडण्याचे. गाभा निवडताना पार्यतेच्या मोठ्या आकड्याला भुलणे ही म्हणूनच नवख्यांची हमखास चूक. प्रवाह पेलायचा असेल तर ती बरीचशी पार्यता आपणच फट ठेवून घालवणार असतो.

फटीचा आणखी एक उपयोग कमी बोलला जातो. फेराइटची पार्यता एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंत वीस-पंचवीस टक्क्यांनी बदलू शकते, तापमानाप्रमाणे तर रोजच बदलते. फट असली की इंडक्टन्स त्या लहरीवर न राहता मुख्यतः फटीच्या मापावर ठरतो, आणि माप हातात असते. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमध्ये पट्ट्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवलेला असे तो याचसाठी. ४० वॅटच्या नळीला लागणारा सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह त्या तुकड्याच्या जाडीने ठरे. चोक खोलून पुन्हा बसवताना तो तुकडा कचरा समजून फेकला, तर मीटरवर इंडक्टन्स भरघोस दिसेल आणि नळी मात्र नीट पेटणार नाही.

फट एकाच जागी न ठेवता सबंध गाभ्यात विखुरताही येते. लोखंडाची किंवा मिश्रधातूची भुकटी विद्युतरोधक लेपासह दाबून कडे केले की प्रत्येक दोन कणांमध्ये एक सूक्ष्म फट राहते. जपानमधल्या सेंदाई येथे हाकारू मासुमोतो यांनी १९३६ साली शोधलेला सेंडस्ट हा लोखंड, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू या कामी आजही चालतो. अशा गाभ्यांची पार्यता वीसपासून सव्वाशेपर्यंत, म्हणजे कमीच असते, पण त्यांची घसरण सौम्य असते. फट ठेवलेला फेराइट गाभा एका प्रवाहापर्यंत ताठ उभा राहतो आणि मग अचानक कोसळतो. भुकटीचा गाभा पहिल्या अँपिअरपासूनच थोडा थोडा उतरत जातो. पूर्ण भाराला इंडक्टन्स निम्मा उरेल असे धरूनच कित्येक आराखडे करतात, आणि त्यात वावगे काही नाही. उलट भार कमी असताना मोठा इंडक्टन्स हवाच असतो. जुन्या रेडिओ प्रक्षेपकांच्या वीजपुरवठ्यात स्विंगिंग चोक वापरत, तो हाच गुण मुद्दाम अंगी बाणवलेला चोक.

पदार्थांची बाकी यादी थोडक्यात आटोपता येते. वीज वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरांतले कणदिशा साधलेले सिलिकॉन पोलाद २.०३ टेस्लाच्या आसपास संपृक्त होते आणि १.६ ते १.७ टेस्लावर वापरतात. लोहप्रधान अस्फटिकी मिश्रधातू १.५६, ऐंशी टक्के निकेलचा परमॅलॉय पाऊण टेस्लाच्या जरा वर, आणि मँगनीज-जस्त फेराइट सर्वांत खाली, २५ अंश सेल्सिअसला अर्ध्या टेस्लाच्या जवळपास. तरीही उच्च वारंवारतेला फेराइटला पर्याय नाही, कारण ते विजेचे दुर्वाहक असल्याने त्यात भोवरा प्रवाह जवळजवळ उठत नाहीत. फेराइटची खरी अडचण तापमानाची आहे. १०० अंशांना त्याची संपृक्तता ०.४ टेस्लावर उतरते. थंड असताना चाचणी उत्तीर्ण झालेले मंडल बंद पेटीत तासभर चालल्यावर त्याच भाराला संपृक्ततेत शिरते, प्रवाहाची टोके वाढतात, त्यांनी गाभा आणि तार आणखी तापते, आणि तापल्याने संपृक्तता आणखी खाली येते. हे चक्र एकदा फिरू लागले की शेवट बहुधा मॉस्फेटच्या, म्हणजे स्विचचे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, जळण्यात होतो.

मंडलात नेमके काय घडते ते बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणाऱ्या साध्या स्विचिंग मंडलात पाहावे. दर सेकंदाला दोन लाख वेळा उघडझाप करणाऱ्या या मंडलात प्रत्येक वेळी सुमारे दोन मायक्रोसेकंद कॉइलवर सात व्होल्ट लागलेले असतात. इंडक्टन्स १० मायक्रोहेन्री असेल तर तेवढ्यात प्रवाह दीड अँपिअरने चढतो. तो निम्मा झाला तर तीन अँपिअरने. ऑसिलोस्कोपवर निरोगी कॉइलचा प्रवाह सरळ तिरक्या रेषेने चढताना दिसतो. संपृक्तता जवळ आली की ती रेषा टोकाशी वर वळते. हा वळसा एकदा ओळखता आला की दुसरी कुठलीही खूण लागत नाही.

साधा एलसीआर मीटर हे दाखवूच शकत नाही. तो काही मिलिअँपिअरवर मोजतो, आणि तेवढ्याला गाभा नेहमीच मोकळा असतो. मोठा संधारित्र भारित करून, मॉस्फेटने क्षणभर तो कॉइलवर जोडून, प्रवाह स्कोपवर पाहणे ही खात्रीची आणि स्वस्त पद्धत आहे. माहितीपत्रक वाचतानाही सावध राहावे. ‘संपृक्तता प्रवाह’ म्हणजे इंडक्टन्स किती घटल्यावरचा प्रवाह, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो : कुणी दहा टक्के, कुणी वीस, कुणी तीस. तार तापण्याची मर्यादा सांगणारा प्रवाह वेगळा छापलेला असतो. दोहोंतला लहान तो आपला.

ट्रान्सफॉर्मरपाशी आल्यावर विचाराची दिशा बदलावी लागते, आणि इथे जाणकारांचाही घोटाळा होतो. भार फार टाकला म्हणून ट्रान्सफॉर्मर संपृक्त होतो, असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. दुय्यम कॉइलमधला भारप्रवाह जे चुंबकीय बळ लावतो, त्याला छेद देणारे तेवढेच बळ प्राथमिक कॉइलमध्ये आपोआप उभे राहते. गाभ्यातला फ्लक्स होता तिथेच राहतो, किंबहुना तारेतल्या दाबपतनामुळे किंचित कमीच होतो. जास्त भाराने ट्रान्सफॉर्मर तापतो, जळतो, पण संपृक्त होत नाही. त्याला संपृक्त करतो तो विद्युतदाब आणि तो किती वेळ लागून राहतो ती मुदत. फ्लक्स या दोहोंच्या गुणाकाराने वाढतो. म्हणून दाब वाढला किंवा वारंवारता घटली तर धोका. चोकला प्रवाह विचारावा, ट्रान्सफॉर्मरला व्होल्ट आणि सेकंद. (मोबाइलच्या चार्जरमधला फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर हा नावाचाच ट्रान्सफॉर्मर, कामाने तो दोन गुंडाळ्यांचा चोक असतो आणि त्यात फट असते.)

अमेरिकेतून परतणारी मराठी कुटुंबे तिथली उपकरणे सोबत आणतात, त्यांना या नियमाचा अनुभव येतो. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो आणि तो व्होल्ट बरोबर करून देतो. हर्ट्झला तो हात लावत नाही. ६० हर्ट्झसाठी काटेकोर बेतलेल्या लोखंडी गाभ्यात ५० हर्ट्झवर वीस टक्के अधिक फ्लक्स उभा राहतो. १.६ टेस्लाचा आराखडा असेल तर १.९२. आलेख तिथे वाकलेला असतो, चुंबकन प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, उपकरण गुणगुणते आणि तापते. आतला वीजपुरवठा स्विचिंग पद्धतीचा असेल तर काही बिघडत नाही. जुना ॲम्प्लिफायर असेल तर बिघडते.

वीज गेल्यावर परत येते तेव्हा रोहित्रातून (वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरमधून) जो दणकट हुंकार ऐकू येतो, तोही संपृक्ततेचाच. विद्युतदाब शून्यातून जात असताना नेमका स्विच लागला, तर पहिल्या अर्ध्या आवर्तनात फ्लक्स शून्यापासून सुरू होऊन नेहमीच्या शिखराच्या दुप्पट चढायला पाहतो : १.७ टेस्लाच्या जागी ३.४. गाभ्यात आधीच्या वेळचे अवशिष्ट चुंबकत्व त्याच दिशेने शिल्लक असेल तर आणखी वर. पोलाद दोन टेस्लाच्या पुढे काही देत नाही. उरलेला सगळा फ्लक्स हवेला द्यावा लागतो आणि हवा त्याची किंमत प्रवाहात वसूल करते. एरवी पूर्ण भाराच्या एक-दोन टक्के असणारा चुंबकन प्रवाह क्षणभर भारप्रवाहाच्या आठ-दहा पट होतो. तो एकाच दिशेने झुकलेला असल्याने त्यात दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुपटीचा घटक, भरपूर असतो. खऱ्या बिघाडाच्या प्रवाहात तो फारसा नसतो. रोहित्राचे रक्षण करणारा डिफरन्शियल रिले या हार्मोनिकवरूनच ओळखतो की हा स्फोट नव्हे, नुसते जागे होणे आहे, आणि वीज तोडत नाही. रक्षणयंत्रणेच्या इतिहासातल्या सुंदर कल्पनांपैकी ही एक.

मोजमापाच्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र संपृक्तता खरी घातक ठरते. बिघाडाचा प्रचंड प्रवाह वाहत असताना, म्हणजे रिलेला माहितीची सर्वाधिक गरज असताना, गाभा भरून जातो आणि दुय्यम बाजूला प्रवाह दिसेनासा होतो. म्हणून काही ठिकाणी गाभाच नसलेली रोगोव्स्की कॉइल वापरतात. ती संकेत दुबळा देते, पण कधी संपृक्त होत नाही.

सूर्याकडूनही गाभा संपृक्त होऊ शकतो. चुंबकीय वादळात पृथ्वीचे क्षेत्र मंदगतीने हलते, जमिनीत विद्युतदाब प्रवर्तित होतो आणि लांब पारेषण वाहिन्यांतून, रोहित्रांच्या भूसंपर्कातून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहू लागतो. तो काही दशक अँपिअरचा असला तरी गाभा एका बाजूला झुकतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात संपृक्त होतो. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्यूबेकमध्ये हेच झाले. रोहित्रांनी सोडलेल्या हार्मोनिकमुळे दाब सावरणारी यंत्रे एकामागून एक बंद पडली, दीड मिनिटात सगळे जाळे कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्राचे रोहित्र त्याच वादळात निकामी झाले. सप्टेंबर १८५९ चे वादळ याहून मोठे होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदींत क्षेत्राचा आडवा घटक तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला आढळतो, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे अभ्यासक आजही याच नोंदीचा आधार घेतात.

संपृक्तता टाळण्याचीच गोष्ट आहे असे मात्र नाही. गाभ्यावर एक वेगळी गुंडाळी घालून तिच्यातला थोडासा एकदिश प्रवाह कमी-जास्त केला, तर मुख्य गुंडाळीचा इंडक्टन्स हवा तसा घटवता-वाढवता येतो आणि मोठा प्रत्यावर्ती प्रवाह ताब्यात राहतो. अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी १९१६ च्या सुमारास रेडिओ प्रक्षेपणासाठी वापरलेला चुंबकीय ॲम्प्लिफायर तो हाच; नाट्यगृहांचे दिवे मंद करायला आणि पुढे संगणकांच्या वीजपुरवठ्यात ३.३ व्होल्टची बाजू सांभाळायलाही तो राबला. जोसेफ सोला यांच्या १९३८ च्या कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरमध्ये गाभ्याचा एक भाग कायम संपृक्त ठेवतात. येणारा दाब कितीही हेलकावला तरी त्या भागातला फ्लक्स फारसा हलत नाही, म्हणून निघणारा दाब स्थिर राहतो. भारतातल्या दवाखान्यांत, प्रयोगशाळांत आणि संगणक कक्षांत ही जड, घुमणारी पेटी ‘सीव्हीटी’ या नावाने वर्षानुवर्षे ओळखीची होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती : ४० अंकांचे २०४८ शब्द. कडे एका दिशेने संपृक्त असेल तर एक, उलट दिशेने असेल तर शून्य. वाचताना ते एकाच दिशेला पाडावे लागे, त्यामुळे वाचलेला मजकूर लगेच पुन्हा लिहावा लागे.

संपृक्ततेचा सर्वांत नाजूक उपयोग फ्लक्सगेट चुंबकमापकात होतो. त्यात गाभ्याला प्रत्यावर्ती प्रवाहाने आळीपाळीने दोन्ही दिशांना संपृक्त करत राहतात. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजूंची संपृक्तता सारखी असते आणि संकेतात फक्त विषम हार्मोनिक उमटतात. पृथ्वीचे किंवा सूर्यवाऱ्याचे बारीकसे क्षेत्र असले की गाभा एका बाजूला जरा आधी भरतो, दुसऱ्या बाजूला जरा उशिरा. तोल गेल्याची खूण म्हणून दुसरा हार्मोनिक दिसू लागतो आणि त्याच्या आकारावरून क्षेत्र नॅनोटेस्लापर्यंत मोजता येते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण अलिबागला हलवले गेले, आणि तिथे आज फ्लक्सगेट उपकरणे वापरात आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या आदित्य-एल१ यानाच्या सहा मीटर लांब दांड्यावरही असे दोन मापक बसवलेले आहेत. अशा उपकरणात प्रत्येक आवर्तनाला गाभा दोन्ही बाजूंनी पुरेपूर संपृक्त करावाच लागतो; अर्धवट भरलेला गाभा आधी भोगलेल्या क्षेत्राचा अंश धरून ठेवतो आणि वाचनाचा शून्यबिंदू सरकतो.